सागवानी टेबलाचा टॉप, दुसरा प्रयत्न: कामाची नोंद

पहिला टॉप का चिरला

मी केलेल्या पहिल्या सागवानी टेबलाचा टॉप आठव्या महिन्यात एका टोकाकडून चिरला. चीर टोकाशी ३ मिमी रुंद आणि साधारण ३०० मिमी लांब होती. गोंदाचे सांधे सगळे शाबूत होते. चीर एका फळीच्या मधोमध, लाकडाच्या तंतूंच्या रेषेच्या दिशेने गेली होती. टॉप उलटा केल्यावर कारण लगेच दिसले. आखूड बाजूच्या आडपट्ट्यांतून (टॉपखाली पाय जोडणाऱ्या पट्ट्यांतून) मी प्रत्येकी पाच स्क्रू थेट टॉपमध्ये घट्ट आवळले होते. ओलावा कमी-जास्त झाला तरी लाकडाची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी मात्र बदलते. त्यामुळे हवा कोरडी झाल्यावर टॉप रुंदीत आकसू पाहत होता आणि त्याखालची आडपट्टी, जिची लांबी त्याच दिशेत पसरलेली होती, त्याला जागचा हलू देत नव्हती. जिथे लाकूड सर्वांत दुबळे होते तिथे ते फाटले.

या वेळी प्रत्येक पायरीवर मी एकच गोष्ट तपासली: टॉप खाली धरलेला असावा, पण आडवा मोकळा असावा.

पहिला आठवडा: ओलावा मोजणे

१३०० मिमी लांब, १५५ मिमी रुंद आणि ३२ मिमी जाड अशा चार फळ्या घेतल्या. ओलावा मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही, म्हणून वजनाची जुनी पद्धत वापरली. एका जादा लांबीच्या फळीच्या टोकापासून ३०० मिमी आत जाऊन २५ मिमीचा तुकडा कापला, कारण टोके लवकर सुकतात आणि तिथला आकडा फसवा येतो. तुकडा ८४.६ ग्रॅम भरला. १०३ अंश सेल्सिअसला ठेवून वजन उतरायचे थांबेपर्यंत तो वाळवला, तेव्हा ७४.२ ग्रॅम राहिला. गेलेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागले की ओलावा मिळतो. तो १४ टक्के निघाला. घरातल्या हवेत लाकूड साधारण कुठे स्थिरावते ते पाहता हा आकडा मला जास्त वाटला.

फळ्या ज्या खोलीत टेबल ठेवायचे आहे त्याच खोलीत रचल्या. प्रत्येक थरामध्ये ४०० मिमी अंतरावर २० मिमीच्या कोरड्या पट्ट्या ठेवल्या आणि सगळ्या थरांतील पट्ट्या एकाखाली एक येतील याची काळजी घेतली. पट्ट्या मागेपुढे झाल्या, तर वरच्या फळीचा भार खालच्या फळीला मधोमध वाकवतो आणि ती तशीच सुकते.

सहावा आठवडा

नमुन्यासाठी निवडलेली फळी सुरुवातीला ४.५६ किलो होती, म्हणजे पूर्ण कोरडी असती तर ४ किलो. आता ती ४.४० किलोवर येऊन दहा दिवस तशीच आहे. ओलावा १० टक्के. कामाला सुरुवात केली.

हालचालीचा अंदाज इथेच बांधून ठेवला. सागवान इतर पुष्कळ लाकडांच्या तुलनेत स्थिर मानले जाते. वर्षवलयांच्या दिशेने ते पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत साधारण साडेपाच टक्के आकसते आणि वलयांना छेदणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे आकसणे ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच सुरू होते, म्हणून ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे सपाट कापलेल्या (म्हणजे जिची रुंदी वर्षवलयांच्या दिशेने येते अशा) फळीची रुंदी ०.१८ टक्के बदलते असे धरता येते. ६०० मिमी रुंद टॉपचा ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, तर ४ मिमीहून थोडा जास्त फरक पडतो. मागच्या टॉपवरची ३ मिमीची चीर या हिशेबात बरोबर बसते.

सातवा आठवडा: कडा जुळवणे

सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि तो जावाच, असे माझे मत आहे. क्लॅम्पने दाबून बंद केलेली फट बंद झालेली नसते. ती सांध्यावर कायमचा ताण ठेवून बसते.

जुळणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींना चिकटवून शिकंज्यात धरल्या आणि दोन्ही कडांवर एकाच वेळी लांब रंधा चालवला. रंधा किंचित कलला तरी एका कडेचा कोन जितका बाहेर जातो तितकाच दुसरीचा आत येतो, त्यामुळे फळ्या उघडून शेजारी ठेवल्या की त्या सपाटच बसतात. सागवानात सिलिका असल्याने पात्याची धार फार लवकर जाते. दोन जोड्यांमागे एकदा १००० आणि मग ६००० क्रमांकाच्या दगडावर पाते घासावे लागले. सालपट सलग निघायचे थांबून त्याचा भुगा होऊ लागला की थांबायचे, हा नियम मी काटेकोरपणे पाळला. शेवटचे दोन हात मधल्या भागातच फिरवले, जेणेकरून मध्यावर केसाएवढी पोकळी राहील आणि टोके आधी टेकतील; टोके पुढे लवकर सुकतात व सांधा तिथूनच उघडायला बघतो.

फळ्यांची वलये आलटून-पालटून वर-खाली ठेवावीत, असे अनेक जण सांगतात. मी तसे केले नाही. फळी सुकताना तिची वलये सरळ होऊ पाहतात आणि सालीकडची बाजू अंतर्वक्र होते. वलये आलटून-पालटून लावली, तर टॉप लाटांसारखा होतो, एकाच बाजूला ठेवली तर एकच मोठी कमान येते आणि ती खालची चौकट सहज धरून ठेवते. मी देखणी बाजू वर ठेवली आणि सगळ्या फळ्यांच्या रेषा रंध्याला एकाच दिशेने मिळतील, एवढेच पाहिले.

आठवा आठवडा: गोंद

सागवान तेलकट असते. कडा ॲसिटोनने पुसल्या आणि ते उडून जाताच गोंद लावला. तेल पुन्हा वर यायच्या आत फळ्या जोडणे आवश्यक असते. त्याआधी सगळे क्लॅम्प लावून एकदा कोरडी तालीम केली होती. क्लॅम्प २५० मिमी अंतरावर, एक वरून व एक खालून असे लावले. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला नाही, कारण त्याने पातळ झालेला गोंद छिद्रांत शिरतो आणि पॉलिशनंतर डागासारखा दिसतो. तासाभराने तो रबरासारखा झाला, तेव्हा पटाशीने खरवडून काढला.

रात्रभराने क्लॅम्प काढले, पण रंधा पाच दिवस हातात घेतला नाही. गोंदातल्या पाण्याने सांध्यालगतचे लाकूड फुगलेले असते. तेव्हाच ते सपाट केले, तर ते सुकल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक खळगी उमटते.

नववा आठवडा: सपाटीकरण आणि जोडणी

टॉपच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहिले आणि पीळ शोधला. एक कोपरा जवळजवळ २ मिमी उंच होता. आधी रेषेला तिरका, मग रेषेबरोबर रंधा चालवून जाडी २७ मिमीवर आणली. रुंदी ६०० मिमी राहिली.

टॉप धरण्यासाठी लाकडी गुटके केले. प्रत्येकाची जीभ आडपट्टीच्या आतल्या खोबणीत जाते आणि गुटका स्क्रूने टॉपला बसतो. आखूड आडपट्ट्यांवर गुटके खोबणीतून बाजूला सरकतात. लांब आडपट्ट्यांवर मात्र ते आत-बाहेर होतात, म्हणून तिथे जीभ आणि खोबणीचा तळ यांत ४ मिमी, आणि गुटक्याचा खांदा व आडपट्टी यांतही तेवढेच अंतर सोडले. दोन्ही आखूड आडपट्ट्यांच्या मधोमध एकेक स्क्रू पक्का लावला, म्हणजे हालचाल दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. आडपट्टीला टॉप कुठेही गोंदाने चिकटवलेला नाही.

पॉलिश म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेली, मेण काढलेली लाख वापरली, वर आणि खाली सारखेच चार हात. खालची बाजू कोरी सोडली, तर ती वरच्या बाजूपेक्षा वेगाने ओलावा घेते आणि टॉप वाकतो.

विसावा आठवडा

खालच्या बाजूला मध्यावर पेन्सिलीची रेघ मारून दर महिन्याला तिथली रुंदी मोजतो आहे. हवा दमट झाल्यापासून रुंदी ६०३.१ मिमी झाली आहे, म्हणजे ओलावा अंदाजे १३ टक्क्यांवर गेला आहे. लांब बाजूंचे गुटके प्रत्येकी दीड मिमी बाहेर सरकलेले दिसतात. टॉपवर सरळपट्टी ठेवली असता मध्यभागी अर्ध्या मिमीहून कमी फट आहे आणि चारही पाय जमिनीला टेकलेले आहेत. पुढची मोजमापे कोरड्या हवेतली असतील. पहिला टॉप तेव्हाच चिरला होता.