हुकाच्या आट्यांतली वाळू

सावई-वेऱ्याच्या ज्या गृहस्थांसाठी मी ती गाडी पाहायला गेलो, त्यांनी मला फोन करण्याआधीच पंचवीस हजार रुपये विसार देऊन टाकला होता. विसार दिल्यावर तपासणीला बोलावणारे गिऱ्हाईक मला मनातून नको असते. त्याचे मन आधीच गाडीत जाऊन बसलेले असते आणि माझ्याकडून त्याला फक्त होकाराचा शिक्का हवा असतो. पण या दादांचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आमच्या ओळखीचे, त्यांच्या घराच्या छपरावर सौर पॅनेल बसलेले, फोंड्याला आणि पणजीला रोजचे जाणे-येणे, अशा माणसाने विजेची गाडी घेणे हिशेबाने बरोबरच होते, म्हणून मी नाही म्हटले नाही.

मी मोटार सर्व्हेअर आहे. अपघात झालेल्या आणि पाण्यात गेलेल्या गाड्यांच्या नुकसानीचे अंदाज काढण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. त्याआधी वास्कोला, मुरगाव बंदरात उतरणाऱ्या मालाची पाहणी करणाऱ्या एका मरीन सर्व्हेअरच्या हाताखाली मी दोन वर्षे उमेदवारी केली होती. त्या उमेदवारीचा इथे उल्लेख करतो याचे कारण पुढे येईल.

मृग लागायला दोन दिवस बाकी होते. सकाळी सव्वासातला आम्ही शिवोलीला पोहोचलो. गाडी 2021 सालची, लहान आकाराची इलेक्ट्रिक एसयूव्ही, 41,000 किलोमीटर चाललेली, मागणी सव्वानऊ लाखांची. मेक मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे निघाले त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन आणि झेडएस या दोन इलेक्ट्रिक एसयूव्ही आपल्याकडे आल्यापासून हा वर्ग रुजला, आणि त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता दुसऱ्या हाती जाऊ लागल्या आहेत, एवढे सांगितले की पुरे. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे होती, म्हणजे गाडी खासगी. भाड्याची असती तर अक्षरे पिवळी असती. विकणारा तिशीतला मुलगा होता, बोलायला मऊ. गाडी घरच्यांनीच वापरली असे त्याने दोनदा सांगितले. घराच्या मागे पर्यटकांसाठी चार खोल्या होत्या.

कागद स्वच्छ होते. कर्जाचा बोजा उतरलेला, विमा चालू, सर्व्हिसच्या नोंदी वेळच्या वेळी. बॅटरीची आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर मिळते हे कंपनीच्या सेंटरमधून लेखी घ्या, एवढे मी दादांना सांगितले आणि गाडीच्या संगणकातले आकडे वाचून दाखवणारा ओबीडी डोंगल लावला. बॅटरीचे आरोग्य 95 टक्के दाखवत होते. दादांनी तो आकडा मोबाइलवर टिपून घेतला आणि लगेच घरी कळवलासुद्धा.

माझा या आकड्यावर फारसा विश्वास नाही. या गाडीत लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल आहेत, आणि या सेलचा स्वभाव असा, की साधारण 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत त्याचे व्होल्टेज 3.2 ते 3.3 च्या आसपास जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे आत नेमके किती शिल्लक आहे हे गाडीच्या संगणकाला व्होल्टेजवरून ओळखता येत नाही. तो आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहतो, आणि गाडी बरेच दिवस पूर्ण चार्ज केली नाही तर त्याचा हिशेब सरकत जातो. म्हणून मी नेहमी मीटर लावून चार्ज करून पाहतो. यात अख्खा दिवस जातो आणि गिऱ्हाईक कंटाळते, पण डोंगलपेक्षा मला विजेच्या मीटरचे म्हणणे अधिक पटते.

त्याआधी गाडी चालवून पाहिली. म्हापसा मागे टाकून गिरीची शेते ओलांडली आणि पर्वरीच्या चढाला लागलो. उतरताना ब्रेकला पाय न लावता रिजनरेशन, म्हणजे मोटरने वेग रोखून बॅटरीत वीज परत भरणे, किती पकडते ते पाहिले. सुकाणू सरळ, सस्पेन्शनचा आवाज नाही, एसी गार. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर गंजाचे चट्टे होते. या गाड्यांत मोटरच वेग कमी करते आणि ब्रेक फार घासले जात नाहीत, त्यात आपली दमट हवा, त्यामुळे मी ते मनावर घेतले नाही. आता वाटते, निदान वहीत तरी टिपायला हवे होते. 32 किलोमीटरमध्ये चार्ज 54 वरून 38 टक्क्यांवर आला, तोही योग्यच होता.

नऊ वाजता पंधरा अँपिअरच्या प्लगमध्ये माझे मीटर, मीटरमध्ये चार्जर, आणि आम्ही सोप्यावर. चार्ज पूर्ण व्हायला सव्वातीन वाजले. मीटरवर 20.1 युनिट. एसी चार्जिंगमध्ये चार्जर, पंप आणि उष्णता यांत बारा टक्क्यांच्या आसपास वीज जाते, ती वजा केली तर बॅटरीत पावणेअठरा युनिट गेले. 62 टक्क्यांना पावणेअठरा म्हणजे पूर्ण बॅटरी साडेअठ्ठावीस युनिटची, आणि नवी असताना ती तीसच्या आसपास होती. डोंगलने सांगितलेले 95 टक्के या वेळी खरे निघाले. सेलच्या व्होल्टेजमधला आपसातला फरकही मर्यादेत होता. मी वही मिटली आणि दादांना म्हटले, "बॅटरी उत्तम आहे. घ्यायला हरकत दिसत नाही."

हे वाक्य मी बोललो, आणि चार्जिंगची केबल जागच्या जागी ठेवावी म्हणून डिकीचा तळ उचलला.

तिथे जॅक आणि पान्याशेजारी टोइंगचा हूक होता. पुढच्या बंपरवरची चौकोनी टोपी काढून आत आट्यांवर फिरवून बसवायचा, बोटभर जाडीचा लोखंडी हूक. बहुतेक गाड्यांत तो जन्मभर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असतो. हा पिशवीबाहेर होता, त्याचे कडे एका बाजूला किंचित झुकले होते आणि आट्यांच्या खोबणीत तांबूस-पिवळी वाळू घट्ट बसली होती. बार्देश तालुक्यात, किनाऱ्याजवळ, गाडीत वाळू सापडणे यात नवल नाही. पायपुसणीखाली, सीटच्या रुळात ती असतेच, आणि सकाळी मी ती पाहून सोडूनही दिली होती. परंतु हुकाच्या आट्यांत वाळू शिरायला हूक गाडीला बसलेला असावा लागतो, आणि लोखंड वाकायला बराच जोर लागतो. मी बंपरची टोपी काढली. आतल्या आट्यांचा झिंकचा मुलामा खरवडून निघाला होता आणि तिथे गंज धरला होता.

"ही गाडी कधी ओढून काढली होती का?" मी विचारले.

"नाही हो सर. वर्कशॉपवाल्यांनी काढला असेल हूक."

दादा माझ्याकडे पाहत होते. पाच मिनिटांपूर्वी दिलेला शब्द मागे घ्यायचा तर हातात काहीतरी ठोस हवे होते, म्हणून गाडी म्हापशाला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेऊया असे मी सुचवले. सकाळी शिवोलीत लिफ्ट नव्हती. मी जमिनीवर आडवा होऊन टॉर्चने तळ पाहिला होता, आणि तळाला नवे काळे अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखणारा लेप, होते. "पावसाळ्यासाठी करून घेतले," असे मुलगा म्हणाला होता, आणि गोव्यात ते इतके रास्त वाटते की मी पुढे विचारले नाही.

निघालो आणि पाऊस आला. मृगाची वाट न पाहता आलेला, रस्त्यावरचे सगळे खड्डे दहा मिनिटांत भरणारा. अर्धा तास पाणी उडवत आम्ही गॅरेजला पोहोचलो. लिफ्टवर घेण्याआधी मी सहज पुन्हा डोंगल पाहिला, आणि दिवसभरातला एकच आकडा हललेला दिसला.

इलेक्ट्रिक गाडीत तीन-साडेतीनशे व्होल्टची यंत्रणा गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण अलग ठेवलेली असते, आणि हा अलगपणा किती टिकून आहे ते गाडी स्वतः सतत मोजते. त्याला इन्सुलेशन रेझिस्टन्स म्हणतात. सकाळी तो 2,400 किलोओहम होता. आता 380. प्रतिव्होल्ट 500 ओहम या निकषाने या गाडीला 160 किलोओहम पुरेसे आहेत, म्हणजे 380 हा पास होणारा आकडा आहे, आणि त्यामुळेच डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नव्हता. पण धड गाडीचा हा आकडा अर्ध्या तासाच्या पावसाने सहा पटीने खाली येत नाही.

लिफ्टवर तळ डोळ्यांसमोर आला. काळे अंडरकोटिंग बोल्टांवर, ब्रॅकेटवर, इतकेच काय, बॅटरी पॅकला श्वास घेण्यासाठी असलेल्या व्हॉल्व्हच्या टोपीवरही फवारलेले होते. तिथे ते कोणीही जाणकार मारत नाही. एका बोल्टाच्या कडेचे कोटिंग मी नखाने उकलले. त्याखाली ॲल्युमिनियमच्या ट्रेवर गंजाची पांढरी भुकटी फुललेली होती. नारिंगी केबल जिथे पॅकमध्ये शिरते त्या कनेक्टरच्या कडेलाही तीच भुकटी.

आता वास्कोची उमेदवारी. बंदरात पोती भिजलेली निघाली की पहिला प्रश्न असतो: पाणी पावसाचे की समुद्राचे? विम्याचा निकाल त्यावर ठरतो. त्यासाठी मरीन सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण बाळगतो. उजेडाने ते बिघडते म्हणून बाटली तपकिरी काचेची, आणि बोटाला लागले तर काळा डाग आठवडाभर जात नाही. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, असेल तर थेंब पडताच पांढरे होते. तशी एक बाटली आजही माझ्या पेटीत असते. समुद्रकाठच्या गावात थोडे मीठ प्रत्येक गाडीवर सापडणार, तेव्हा एकाच जागेवरून काही ठरवता येत नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला एक कापसाचा बोळा मी बॉनेटखालच्या पत्र्यावर फिरवला, दुसरा पॅकच्या बोल्टापाशी, आणि दोन्ही वेगवेगळ्या झाकणांत पिळून प्रत्येकी दोन थेंब टाकले. पहिल्यात धुके पडल्यासारखी छटा आली. दुसऱ्यात दूध फाटावे तसे दह्याचे कण झाले. गॅरेजचा पोरगा म्हणाला, "काका, हे तर नासले."

विकणारा मुलगा काही बोलला नाही. शिवोलीला परतलो तेव्हा त्याचे वडील सोप्यावर बसले होते. मी झाकण त्यांच्यापुढे धरले आणि चाचणी कशाची ते सांगितले. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि मग स्वतःच सांगितले. खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांना गाडीही दिली जात असे; परवाना अर्थातच नव्हता. डिसेंबरमध्ये चौघांनी चोपड्याचा पूल ओलांडून ती मोरजीच्या किनाऱ्यावर थेट वाळूत उतरवली. (किनाऱ्यावर गाडी नेणे गुन्हा आहे, आणि मोरजीला तर कासवे अंडी घालायला येतात, पण पोलिसांनी पकडेपर्यंत हे कुणाला आठवत नाही.) चाके रुतली, भरती चढली, ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास पाणी दाराच्या उंबऱ्याशी होते. गाडी मात्र सुरूच राहिली. मुलाने विहिरीच्या पाण्याने ती चारदा धुतली, एकही दिवा लागला नाही, तेव्हा प्रकरण मिटले असे त्यांनी धरले.

त्यांचे हे धरणे मला पूर्ण खोटे वाटले नाही. पॅक आयपी67 दर्जाचा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तो तपासलेला असतो, आणि दारापर्यंतच्या पाण्यात आत काही शिरलेही नसेल. पण त्या चाचणीत समुद्राचे पाणी नसते, तीन वर्षे वापरलेले, पाणी अडवणारे गॅस्केट नसते आणि दोन तासही नसतात. मीठ एकदा खोबणीत बसले की पावसाळ्यात ते वाळत नाही; हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढते. घरातल्या मिठाच्या बरणीला जूनमध्ये पाणी सुटते, तेच इथे अंडरकोटिंगच्या आड, कनेक्टरच्या कडेला चालले होते. 380 हा आकडा विजेची गळती कुठे आहे ते सांगत नाही. ती नुसत्या कनेक्टरपाशी असेल तर काही हजारांत काम भागेल. पॅकच्या आत असेल तर खर्च गाडीच्या किमतीला भिडेल, आणि समुद्रात गेलेल्या गाडीसाठी वॉरंटी मागायला कोणत्या तोंडाने जायचे? पॅक उतरवून उघडल्याशिवाय हे कळणार नव्हते, आणि विकण्याआधी तो कोणी उघडू देत नाही.

मी दादांना घेऊ नका म्हणून सांगितले. "मग दुपारी काय म्हणालात?" त्यांनी विचारले. चुकलो, असे मी म्हणालो. अहवालात बॅटरीचे 95 टक्के लिहिले, दोन्ही वेळचे इन्सुलेशनचे आकडे लिहिले, हुकाचा आणि दोन झाकणांचा फोटो जोडला. फोटो तेवढे वगळा, असे मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. त्याचे उत्तर मी दिले नाही. विसाराचे पंचवीस हजार वडिलांनी आतल्या कपाटातून आणून दादांच्या हातावर ठेवले. ते मोजून घेताना दादांना माझ्यापेक्षा जास्त संकोच वाटत होता.

परतताना पाऊस थांबला होता. दादा बराच वेळ गप्प होते. बाणस्तारीच्या पुलापाशी आल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला, मडगावच्या एका इलेक्ट्रिक गाडीचे फोटो मला दाखवले, आणि येत्या रविवारी वेळ आहे का असे विचारले. मी हो म्हणालो, आणि या वेळी आधी विसार देऊ नका असे बजावले.

"पाचच हजार पाठवले आहेत," ते म्हणाले.