नुसतं बसायची जागा

आज संध्याकाळी धापा टाकत संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर पोचलो, तर तीन पोरं फुटाणे खात बसलेली. मी सहज म्हणलं, अरे कॅनॉटसारखा खाण्यापिण्याचा अड्डा सोडून एवढं वर काहून चढता?

त्यातला एक म्हणला, "दादा, इथं बसायला काही मागवावं लागत नाही."

खाली बीबी का मकबरा मावळतीच्या उन्हात पिवळा पडायलेला, पण पोरांचं लक्ष सगळं पुडीकडं, फुटाणे चारच उरलेले अन् वाटेकरी तीन.

इथलं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. तेव्हापासून गावाकडनं आलेली किती पोरं अशी रिकाम्या खिशात हात घालून नुसतं बसायला जागा हुडकत फिरली असतील. मीबी त्यातलाच (तेव्हा धाप लागत नव्हती, एवढाच फरक).

तुमची फुकटातली जागा कोणती होती ओ?