मेडिकेअर घेताना मदत कोणाची घ्यावी?

अमेरिकेत मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांची पासष्टी उलटली आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे इथे काढून झाली, की त्यांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, घेता येतो. ज्यांनी इथे साधारण दहा वर्षे नोकरी करून कर भरला आहे त्यांना रुग्णालयाच्या खर्चाचा ‘पार्ट ए’ विनाहप्ता मिळतो. उतारवयात आलेल्या या आईवडिलांपैकी अनेकांना मात्र तो विकत घ्यावा लागतो, आणि २०२५ मध्ये त्याचा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता. डॉक्टरांच्या खर्चासाठी असलेल्या ‘पार्ट बी’चे १८५ डॉलर त्याखेरीज. एवढा पैसा दरमहा जाणार असताना ए आणि बी मिळून होणाऱ्या मूळ मेडिकेअरवरच राहायचे, त्याला पूरक मेडिगॅप पॉलिसी जोडायची, की त्याऐवजी खासगी कंपनीची ॲडव्हान्टेज योजना घ्यायची, हे एकट्याने ठरवणे कोणालाही जड जाते. न्यू जर्सीतल्या ओळखीच्या ज्येष्ठांबरोबर बसून मी ही कागदपत्रे वाचत आले आहे, आणि योजना कोणती घ्यावी हे विचारण्याआधी मदत करणारा माणूस कोण आहे हे विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वांत आधी भेटतो तो विमा एजंट. त्याच्याकडे राज्याचा परवाना असावा लागतो, आणि ॲडव्हान्टेज किंवा औषधांची योजना विकण्यासाठी दरवर्षी प्रशिक्षण घेऊन ८५ टक्के गुणांनी परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. ग्राहकाकडून तो काही घेत नाही. त्याचे कमिशन विमा कंपनी देते आणि त्याची कमाल मर्यादा सरकार ठरवते. २०२५ मध्ये ॲडव्हान्टेज योजनेत प्रथमच येणाऱ्या ग्राहकामागे न्यू जर्सीत ही मर्यादा ७८० डॉलर होती आणि पुढच्या प्रत्येक वर्षी त्याच्या निम्मी. तुम्ही कोणतीही पूरक योजना न घेता मूळ मेडिकेअरवरच राहिलात, तर एजंटाला काहीही मिळत नाही. यात बेकायदेशीर काहीच नाही आणि कळकळीने काम करणारे एजंटही मी पाहिले आहेत. पण समोरच्याचे उत्पन्न कशावर अवलंबून आहे हे ठाऊक असल्याशिवाय त्याचा सल्ला तोलता येत नाही.

एजंटांवर आज जी बंधने आहेत त्यांतली महत्त्वाची बंधने २००८ च्या कायद्याने घातली. त्याआधीच्या काही वर्षांत खासगी योजनांचा बाजार झपाट्याने वाढला होता आणि फसवून केलेल्या विक्रीच्या तक्रारीही त्याबरोबर वाढल्या होत्या. आता बोलावल्याशिवाय दारात येता येत नाही, आपणहून फोन करता येत नाही, विक्रीच्या कार्यक्रमात जेवण देता येत नाही आणि आरोग्यविम्याच्या भेटीत आयुर्विमा किंवा ॲन्युइटी (ठरावीक उत्पन्न देणारी विमा योजना) गळ्यात मारता येत नाही. भेटीत कोणत्या विषयांवर बोलायचे याची संमती आधी नोंदवून घ्यावी लागते. २०२३ च्या शरद ऋतूत आलेल्या नियमाने तर ही संमती आणि भेट यांच्यात, काही अपवाद वगळता, ४८ तासांचे अंतर घातले. म्हणूनच एखाद्या काकांना अनोळखी माणसाचा ‘मेडिकेअरमधून बोलतोय’ असा फोन येतो आणि तो कार्डावरचा क्रमांक मागतो, तेव्हा फोन ठेवून देणे एवढेच करायचे असते.

विक्रीशी काहीही संबंध नसलेली मदतही उपलब्ध आहे आणि आपल्या लोकांना तिची फारच कमी माहिती आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९९० च्या कायद्यातून उभा राहिलेला ‘शिप’ हा कार्यक्रम प्रत्येक राज्यात आहे. कॅलिफोर्नियात त्याला हायकॅप म्हणतात, फ्लोरिडात शाइन. तिथले प्रशिक्षित समुपदेशक, ज्यांत बरेच स्वयंसेवक असतात, एक पैसाही न घेता तुमच्या औषधांची यादी आणि डॉक्टरांची नावे समोर ठेवून योजनांची तुलना करून देतात. मात्र ‘हीच घ्या’ असे ते सांगत नाहीत, कारण तसे सांगण्याची त्यांना मुभा नाही. आपल्या ज्येष्ठांना हे खटकते. ‘तुम्हीच सांगा ना काय करू ते’ असे म्हणणाऱ्या मावशींना कोणी निर्णय देत नाही म्हणून त्या हिरमुसतात आणि ठामपणे सांगणाऱ्या एजंटाकडे वळतात. माझ्या मते त्या समुपदेशकाचे हे संयमित वागणेच त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण आहे. इंग्रजीची अडचण असेल तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ या क्रमांकावर दुभाषा विनामूल्य मागता येतो.

डॉक्टरांनाही मर्यादा आहेत. आपण कोणत्या योजना स्वीकारतो हे ते सांगू शकतात, परंतु स्वतःच्या आर्थिक लाभासाठी रुग्णाला एखाद्या योजनेकडे वळवणे किंवा तिचे अर्ज गोळा करणे त्यांना वर्ज्य आहे.

राहिली मुले. आईवडिलांना समजावून सांगायला, तुलना करायला, शेजारी बसून अर्ज भरायला मुलांना कोणाचीही परवानगी लागत नाही. अर्जावरची सही मात्र आईवडिलांचीच हवी, किंवा राज्याच्या कायद्यानुसार तसा अधिकार मिळालेल्या व्यक्तीची. रात्री कामावरून आल्यावर मुलाने संगणकावर परस्पर वडिलांच्या नावाने होकार देऊन टाकणे या नियमात बसत नाही आणि शहाणपणाचेही नाही, कारण त्या घाईत वडिलांना विचारायचा प्रश्न राहून जातो: तुम्ही वर्षातले किती महिने भारतात असणार? माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला हा प्रश्न ना मुलाने विचारला, ना एजंटाने. योजनेच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास ॲडव्हान्टेज योजनेतून सहसा नाव कमी होते, आणि पुण्यातल्या रुग्णालयाचे बिल मूळ मेडिकेअरही देत नाही. काही मेडिगॅप पॉलिसी परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा खर्च देतात, तोही प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेल्या उपचारांचा आणि आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंतच. शिवाय पासष्टीनंतर ‘पार्ट बी’ सुरू झाल्यापासूनच्या सहा महिन्यांत मेडिगॅप घेतली नाही, तर बहुतेक राज्यांत पुढे कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते. ॲडव्हान्टेज सोडणे सोपे, पण मेडिगॅप मिळवणे अवघड, अशी अवस्था त्यातून होते.

महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. माहितीपर म्हणून जाहीर केलेल्या कार्यक्रमात एखाद्या विशिष्ट योजनेचे हप्ते आणि फायदे सांगणे नियमाबाहेरचे आहे. योजना निवडण्याची किंवा बदलण्याची वार्षिक खुली नावनोंदणी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते आणि दिवाळी बहुधा त्याच सुमारास येते, त्यामुळे मंडळाच्या प्रायोजकांत विमा एजंट असणे स्वाभाविक आहे. तसे असेल तर निमंत्रणात ते स्पष्ट लिहावे, आणि त्या महिन्यांत शिपच्या समुपदेशकालाही एक दुपार अवश्य द्यावी.

चुकीची ॲडव्हान्टेज योजना गळ्यात पडलीच, तर १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात ती एकदा बदलता येते किंवा मूळ मेडिकेअरवर परतता येते. दिशाभूल करून नावनोंदणी झाली असेल, तर त्याच मेडिकेअरच्या क्रमांकावर तक्रार करून मुदतीबाहेरही बदल मागता येतो. त्यासाठी फोन करणाऱ्याचे नाव, तारीख आणि तो काय बोलला हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.