तुम्ही विचारलंत म्हणून: आयतासाठी आलेख काहून?

नागपुरात मी गणिताच्या शिकवण्या घेते. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, परिमिती दोन ओळींत निघते, मग आलेख काहून काढायचा?"

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला हिंगण्याच्या घरी, अंगणात आयताकृती भाजीवाफा आखायचा होता. घरात ४० मीटर जाळी होती, नवी आणायची नव्हती. रुंदी किमान ३ मीटर हवी आणि लांबी रुंदीपेक्षा किमान ४ मीटरने जास्त, कारण ठिबकच्या नळ्या लांबीच्या दिशेने टाकायच्या होत्या. "ताई, नेमकं माप सांग," म्हणाला.

नेमकं माप नव्हतंच. जाळी 'पुरली पाहिजे' आणि बाजू 'किमान' एवढी, या शब्दांनी समीकरण होत नाही, असमानता होते. लांबी ल, रुंदी र धरली तर २(ल + र) ≤ ४०, म्हणजे ल + र ≤ २०. आडव्या अक्षावर ल, उभ्यावर र घेऊन (२०, ०) आणि (०, २०) जोडले. बरोबर ४० मीटरही चालतात, म्हणून रेषा अखंड. कोणती बाजू आपली? (०, ०) ठेवून पाहिलं: ० ≤ २० खरं, म्हणून आरंभबिंदूकडची. मुलं इथेच चुकतात, चिन्हाच्या तोंडाकडे बघून रंगवतात. बिंदू ठेवूनच पाहा. फक्त रेषा आरंभबिंदूतून जात असेल तर दुसरा बिंदू घ्या.

मग र ≥ ३ आणि ल ≥ र + ४ काढल्या. उरला एक त्रिकोण; शिरोबिंदू (७, ३), (१७, ३), (१२, ८). त्यातला, कडेवरचासुद्धा, प्रत्येक बिंदू म्हणजे जमेल असा एक वाफा.

भावाने (१०, १०) वर बोट ठेवलं. तेवढ्याच परिमितीच्या आयतांत चौरसाचं क्षेत्रफळ सगळ्यात जास्त, हे त्याला आठवत होतं. पण तो बिंदू त्रिकोणाबाहेर. मग ल + र = २० या कडेवरून आम्ही वर सरकत गेलो: १७ × ३ म्हणजे ५१ चौरस मीटर, १५ × ५ म्हणजे ७५, १२ × ८ म्हणजे ९६. जाळी तिन्ही वेळा तेवढीच! तो कागदाकडे बघतच राहिला. हे बघणं दोन ओळींच्या उत्तरात मिळत नाही, आणि त्यासाठीच मी आलेख काढायला लावते.

शेवटी त्याने ९६ घेतलेच नाहीत. त्रिकोणाच्या आतला (११, ६) निवडला. ३४ मीटर जाळी लागली. उरलेली ६ मीटर संत्र्याच्या रोपाभोवती लावली, बकऱ्या त्यालाच आधी तोंड लावतात म्हणून.