ऑक्टोबर आला की मी बासेलचं का सांगते

दसरा झाला की क्लबच्या पायऱ्यांवर बसलेल्या पालकांपैकी कुणीतरी मला विचारतंच, "मॅडम, विम्बल्डन सोडून तुम्ही मुलांना सारखं त्या बासेलच्या स्पर्धेचंच काय सांगता?" मी पुण्यात गेली एकोणीस वर्षं मुलांना टेनिस शिकवते. कोर्टाच्या कडेला उत्तर द्यायला मिळतात पाच मिनिटं, आणि ही गोष्ट पाच मिनिटांत मावत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून यंदा सगळं बैजवार लिहून काढते आहे.

बासेल हे स्वित्झर्लंडच्या वायव्य टोकाचं, ऱ्हाइन नदीवरचं शहर. फ्रान्स आणि जर्मनी दोन्ही इतके जवळ की ट्रामने सीमा ओलांडता येते. ऑक्टोबरात तिथे थंडी सुरू झालेली असते, पाऊस असतो, दिवस लहान होत जातात. उघड्यावर टेनिस खेळायचे दिवस संपतात, म्हणून छपराखाली खेळायचं. तिथल्या स्पर्धेचं नावच मुळी 'स्विस इनडोअर्स'. १९७० साली रॉजर ब्रेनवाल्ड नावाच्या माणसाने ती सुरू केली, तीही हवा भरून उभारलेल्या फुग्यासारख्या हॉलमध्ये. हा भाग सांगितला की मुलं हमखास हसतात. पाच वर्षांत स्पर्धा सेंट याकोब्सहाले या पक्क्या सभागृहात गेली आणि तिथेच राहिली. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी पत्ता तोच आहे. ब्रेनवाल्डही कित्येक दशकं तिचा कारभार बघत राहिले.

छपराखालचं टेनिस थोडं वेगळं असतं. वारा नाही, त्यामुळे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू हवा तिथेच राहतो. डोळ्यांवर ऊन येत नाही. उसळी सारखी असते. नशिबाला बोल लावायची सोयच उरत नाही, चूक झाली तर ती आपलीच. आवाजही बंद जागेत घुमतो, रॅकेटच्या मध्यभागी लागलेला चेंडू कानाला लगेच कळतो. मी मुलांना कधीकधी डोळे मिटून सामना ऐकायला लावते, ते या स्पर्धेच्याच वेळी. पूर्वी अशा हॉलमध्ये कोर्टावर कार्पेट अंथरायचे. त्यावरून चेंडू सुसाट आणि खालून निघायचा, त्यामुळे जोरदार सर्व्हिसवाल्यांचं फावायचं. २००९ पासून पुरुषांच्या मुख्य स्पर्धांमधून कार्पेट गेलं. बासेलला ते त्याच्याही आधी निघालं होतं.

विजेत्यांची यादी वाचली की त्या काळाचं टेनिस डोळ्यांसमोरून जातं. १९७७ ला ब्यॉन बोर्ग, पुढच्या वर्षी ग्विलेर्मो व्हिलास. १९८० चा अंतिम सामना मला सगळ्यांत आवडतो. बोर्ग त्या जुलैत सलग पाचवं विम्बल्डन जिंकून आलेला, समोर वीस वर्षांचा इव्हान लेंडल. लेंडलने पहिले दोन सेट घेतले. बोर्गने तिसरा ७-५ आणि चौथा चक्क ६-० असा परत काढला. अशा वेळी बहुतेक पोरं खचतात. लेंडलने पाचवा सेट ६-४ ने जिंकला. चौथा सेट शून्यावर हरल्यानंतर खुर्चीवरच्या त्या विश्रांतीत त्याने स्वतःला काय सांगितलं असेल, याचा विचार मी अजून करते. माझ्याकडची मुलं एक सेट ६-० हरून रडत येतात, तेव्हा मी त्यांना हा स्कोअर लिहून देते.

नंतर नोआ आला, एडबर्ग तीनदा जिंकला, १९९० ला मॅकेन्रो दोन सेटनी मागे पडूनही इव्हानिसेविचला हरवून गेला. १९९१ ला याकोब ह्लासेक जिंकला. घरच्या स्पर्धेला घरचा, स्विस विजेता मिळाला.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायचं, तिकडे येते.

१९९२ ला बोरिस बेकर जिंकला आणि १९९३ ला मिखाएल श्टिख. या दोन्ही वर्षी कोर्टावर चेंडू गोळा करणाऱ्या मुलांमध्ये एक स्थानिक पोरगा होता. बासेलमध्ये जन्मलेला, लगतच्या मुन्चेनस्टाइनमध्ये वाढलेला, शहरातल्याच ओल्ड बॉइज क्लबात शिकणारा. रॉजर फेडरर, वय अकरा, मग बारा. त्याची आई लिनेटही स्पर्धेच्या कामात हातभार लावायची. म्हणजे गावच्या जत्रेत घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी करत असतं ना, एक जण मांडव बघतो, एक जण प्रसाद वाटतो, पोरं पाण्याचे तांबे घेऊन धावतात, तसं त्या घराचं या स्पर्धेशी नातं होतं.

बॉलबॉय म्हणजे नुसती पळापळ, असं पालकांना वाटतं. तसं नाही हो. एका कोर्टावर साधारण सहा मुलं असतात, दोन जाळ्याशी आणि चार मागच्या कोपऱ्यांत. चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जमिनीलगत सरपटत पाठवायचा. सर्व्हिस करणाऱ्या बाजूला चेंडू आधी पोचलेले हवेत. पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर नवे चेंडू येतात, तेही ध्यानात ठेवायचं. पॉइंट चालू असताना पुतळ्यासारखं स्थिर राहायचं आणि संपला रे संपला की वाऱ्यासारखं निघायचं. पण खरी कमाई वेगळीच. जगातला उत्तम खेळाडू दोन हातांवर उभा असतो. तो घाम कसा पुसतो, चुकल्यावर किती सेकंदांत सावरतो, पंचाशी कसा बोलतो, हे सगळं फुकट शिकायला मिळतं. माझ्या मते बाराव्या वर्षी असे आठ दिवस मिळणं हे सहा महिन्यांच्या कोचिंगच्या तोडीचं आहे, आणि हे मी स्वतः कोच असून म्हणते.

फेडरर खेळाडू म्हणून त्या कोर्टावर उतरला तो १९९८ ला, सतराव्या वर्षी, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर. पहिल्याच फेरीत समोर आंद्रे आगासी. ६-३, ६-२ असा हरला. २००० ला अंतिम फेरीत पोचला आणि थॉमस एन्क्विस्टकडून पाच सेटमध्ये हरला. २००१ ला पुन्हा अंतिम फेरी, या वेळी टिम हेनमनकडून सरळ हार. पुढे तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला, विम्बल्डन जिंकू लागला, पण घरची स्पर्धा काही हाताला लागेना. २००४ आणि २००५ ला तर दुखापतींमुळे खेळताही आलं नाही. २००६ चा ऑक्टोबर आला तेव्हा त्याच्या नावावर नऊ ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची नऊ विजेतेपदं होती आणि बासेलचं एकही विजेतेपद नव्हतं! त्या वर्षी उपांत्य फेरीत थायलंडच्या पॅराडॉर्न श्रीचफनने त्याला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत ओढलं. तो वाचला, आणि अंतिम सामन्यात फर्नांडो गोन्सालेसला सरळ सेटमध्ये हरवून एकदाचा जिंकला.

माझ्याकडे स्पर्धेत सारखं दुसऱ्या फेरीत हरणारी मुलं येतात. त्यांच्या आई-वडिलांना मी हा आठ वर्षांचा हिशेब सांगते. पहिल्या हारेपासून पहिल्या विजयापर्यंत आठ वर्षं, आणि तीही कुणाची, तर फेडररची.

मग मात्र धरण फुटावं तसं झालं. एकूण पंधरा अंतिम सामने, त्यांतले दहा जिंकले. २००९ ला जोकोविचने हरवलं, तर पुढच्याच वर्षी त्याची परतफेड झाली. २०१२ आणि २०१३ ला उंचापुऱ्या देल पोत्रोने लागोपाठ दोनदा अडवलं, तर २०१७ ला त्याचाही हिशेब चुकता केला. २०१५ ला अंतिम फेरीत नदालला तीन सेटमध्ये हरवलं. आणि तो खेळायचा त्या काळात दरवर्षी एक रीत ठरलेली. आठवडा संपला की सगळ्या बॉलबॉय आणि बॉलगर्लना फेडररकडून पिझ्झा. कधीकाळी त्या रांगेत उभा राहिलेला माणूस आता त्याच रांगेतल्या पोरांसोबत तुकडा हातात घेऊन उभा. मला हे दृश्य करंडकापेक्षा मोठं वाटतं.

२०१९ ला पहिल्या फेरीत तो पेटर गोयोव्चिकशी खेळला. तो त्याच्या कारकिर्दीतला १,५०० वा सामना, अवघ्या ५३ मिनिटांत संपला. नंतर बोलताना त्याचे डोळे भरून आले. त्या रविवारी त्याने अ‍ॅलेक्स डी मिनॉरला ६-२, ६-२ असं हरवलं. ते त्याचं १०३ वं विजेतेपद आणि शेवटचं. २०२० आणि २०२१ ला साथीमुळे स्पर्धा झाली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात बासेललाच परतायचं त्याने जाहीर केलं होतं, पण गुडघ्याने साथ दिली नाही आणि सप्टेंबरात तो निवृत्त झाला. त्या वर्षी कॅनडाचा फेलिक्स ओझे-अलियासिम जिंकला. त्याची जन्मतारीख ८ ऑगस्ट. फेडररचीही तीच, फक्त मध्ये एकोणीस वर्षं. योगायोगच तो, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता जो प्रश्न मला खरा बोचतो, त्याकडे. आपल्याकडे काय? आपल्याकडेही पुरुषांची अशी एक स्पर्धा होती, उघड्या कोर्टावरची. १९९६ ला दिल्लीत सुरू झाली, १९९७ पासून चेन्नईत रुजली, २०१७ पर्यंत तिथे राहिली. २०१८ पासून ती आपल्या म्हाळुंगे-बालेवाडीत आली. किती आनंद झाला होता मला! पहिल्या वर्षी जील सिमोन जिंकला. २०१९ च्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच हे दोन ताडमाड गडी तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत खेळले. दुहेरीत रोहन बोपण्णा इथे दोनदा जिंकला, एकदा दिविज शरणबरोबर आणि एकदा रामकुमार रामनाथनबरोबर. पाच वेळा स्पर्धा भरली. २०२३ नंतर ती पुण्यातून गेली, आणि जानेवारीच्या त्या आठवड्यात कॅलेंडरवर हाँगकाँगचं नाव आलं.

स्पर्धा गावोगाव का फिरतात हे मला समजतं. प्रायोजक लागतात, पैसा लागतो, तारखा विकल्या आणि विकत घेतल्या जातात. कुणाला दोष द्यायचा नाही. पण हिशेब करून बघा. बासेलमध्ये स्पर्धा सुरू झाल्यापासून तिथल्या मुलाने अंतिम फेरी गाठेपर्यंत तीस वर्षं गेली, आणि त्या तीस वर्षांत ती त्याच शहरात, बहुतेक काळ त्याच छपराखाली भरत होती. आपण पुण्याला दिली पाच वर्षं. एवढ्या वेळात आंब्याचं कलमसुद्धा जेमतेम धरायला लागतं.

माझी एक विद्यार्थिनी २०२३ ला बालेवाडीत बॉलगर्ल होती, तेव्हा तेरा वर्षांची. त्या आठवड्यानंतर तिच्या खेळात काय फरक पडला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन पॉइंटच्या मधला वेळ ती कसा वापरायची ते बदललं. पूर्वी चुकली की रॅकेटकडे रागाने बघायची, आता पाठ फिरवून तारा सरळ करते आणि मगच वळते. हे तिला मी शिकवलेलं नाही. पुढच्या जानेवारीत तिने विचारलं, "मॅडम, या वर्षी आपलं कधी आहे?" मी गप्प बसले. त्या वर्षीपासून बासेलची अंतिम लढत बघायला मी मुलांना माझ्या घरी बोलावते.

एक गंमत सांगते, बघणार असाल तर उपयोगी पडेल. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि बासेलचा अंतिम सामना अलीकडे त्याच रविवारी येतो. शनिवारी आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो, रविवारी साडेचार. पहिल्या वर्षी मुलं तासभर आधीच येऊन बसली होती. भेळ संपली तरी सामना सुरू होईना, म्हणून मी त्यांना बोर्ग आणि लेंडलचा तो सामना सेटगणिक सांगितला. २०२५ ला ब्राझीलचा जुआंव फोन्सेका जिंकला, वय एकोणीस. माझ्या हॉलमध्ये चौदा मुलं खाली सतरंजीवर बसली होती. सामना संपल्यावर कॅमेरा बॉलबॉयच्या रांगेवरून फिरला, तेव्हा ती विद्यार्थिनी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि एकेका मुलाचा चेहरा बघत उभी राहिली.