जुन्या सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक बसवले, त्याचा अनुभव

माझी पिकअप १९६९ ची शेवरोले सी-१०, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) नाही. एरवी तक्रार नव्हती, पण लांब उतार लागला की ड्रम तापायचे, मग पेडल कितीही दाबा गाडी आपली चाललेलीच, आणि पाण्यातून गेली की लायनर सुकेपर्यंत एका बाजूला ओढायची. कंपनीने स्वतःच १९७१ पासून या गाड्यांना पुढे डिस्क दिल्या, म्हटलं आपणही पुढची दोन करू, मागे ड्रमच राहू देत.

पार्ट घेताना एक गोम आहे. त्याच १९७१ साली टू-व्हील ड्राइव्ह सी-१० च्या चाकाचे बोल्ट सहाचे पाच झाले, म्हणजे त्या सालाचा जुना सेट आणला की पुढे पाच, मागे सहा आणि स्टेपनी एकीकडेच चालणार. मी सहा बोल्टच्या रोटरचं (चाकाबरोबर फिरणारी डिस्क) किट घेतलं. ड्रमच्या जमान्यातली रिम कधीकधी कॅलिपरला (रोटरवर पॅड दाबणारा भाग) घासते, म्हणून आधी चढवून हाताने गोल फिरवून बघा, रंगरंगोटी नंतर.

खोलणं-बसवणं तसं सरळ आहे. बेअरिंगचा नट मात्र नीट, रोटर फिरवत १२ फूट-पाउंडपर्यंत आवळायचा, मग सैल करून हातानेच टेकवायचा, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळायचा नाही, किंचित सैल करून जुळवायचं. कॅलिपर लावताना ब्लीडर निपल (हवा काढायचं तोंड) वरच्या बाजूलाच हवं. डावा-उजवा उलट बसला की निपल खाली जातं, वर हवा अडकते आणि मग दिवसभर ब्रेक ऑइल ओतत बसा, पेडल स्पंजीच. ब्रेक ऑइलची होज (रबरी नळी) लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठे ताणते-घासते का तेही पाहून घ्या.

पण खरं डोकं लागतं ते ऑइलच्या बाजूला, आणि किट घेणारे नेमकं तिथेच हात आखडतात असं माझं मत. ड्रममध्ये शू (लायनर लावलेली पट्टी) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त आवळतो, डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, म्हणून प्रेशर जास्त लागतं आणि म्हणून बूस्टर घेतला. मास्टर सिलेंडरही (पेडल दाबलं की लाइनमध्ये ऑइल ढकलणारा) बदलला, कारण ड्रमवाल्यात व्हील सिलेंडरचे (चाकात शू ढकलणारे) रबर कप ताणलेले राहावेत म्हणून लाइनमध्ये साधारण १० पीएसआय प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो पुढच्या लाइनला राहिला की पॅड सतत रोटरला चिकटून चालतात आणि चाकं तापतात. नवा मास्टर गाडीवर चढवायच्या आधी वाइसमध्ये धरून त्याची हवा काढली, हे टाळू नका.

राहिला मागचा हिशोब. रिकाम्या पिकअपची शेपटी हलकी, त्यात जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी व्हायला बघते. म्हणून मागच्या लाइनला अॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचं प्रेशर कमी करणारा) टाकला, मोकळ्या ओल्या मैदानात कमी स्पीडला ब्रेक मारत मारत नॉब फिरवत गेलो, पुढची चाकं मागच्यांच्या जरा आधी लॉक व्हायला लागली तिथे सोडला. हे करताना गाडी रिकामीच ठेवली, कारण घसरायची भीती तेव्हाच जास्त.

आता पेडल इतकं हलकं झालंय की सुरुवातीला नाक समोर आपटायची वेळ येते. आणि हवा पूर्ण काढूनही पेडल खोल जात असेल तर परत ब्लीड करायच्या आधी मागचे शू अॅडजस्ट करून बघा, ते ड्रमपासून लांब असले तरी अगदी तसंच वाटतं.