करवकील व्हायचंय? आधी सनद

बी.कॉम. झालं, जीएसटीची रिटर्न भरता येतात, म्हणजे करवकील झालो, असा समज आपल्याकडे फार आहे. पण एवढंच करणारा तो करसल्लागार. उच्च न्यायालयात उभं राहायला सनद, म्हणजे वकिलीचा परवानाच लागतो.

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. खुल्या वर्गाला पदवीला किमान ४५ टक्के हवेत. राज्याची विधी सीईटी द्यायची. साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीतही सोय आहे. माझं मत विचाराल तर बी.कॉम. करून तीन वर्षांचा मार्ग घ्या. ताळेबंद वाचता न येणारा वकील कराच्या खटल्यात अर्धा आंधळा.

मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ही परीक्षा लांबणीवर टाकू नका.

खरं शिक्षण ज्येष्ठांच्या हाताखाली होतं. सांगलीत हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी यांच्या वह्या, बिलं, मालवाहतुकीची ई-वे बिलं स्वतः जुळवा. सगळ्यात जास्त प्रकरणं मुदत चुकल्यामुळे बुडतात. जीएसटीचा आदेश पोर्टलवर पडतो, व्यापारी ते उघडतच नाही. पहिल्या अपिलाला तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी एकच महिना. शिवाय वादातल्या कराचे १० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून प्रत्येक पक्षकाराचं पोर्टल दर आठवड्याला उघडा.

प्राप्तिकराच्या अपील न्यायाधिकरणासाठी पुणे गाठावं लागतं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) मात्र ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसतं.